एलव्हीएस जुळत नाहीये? या चुका टाळा

नाशकात बसून फायनल इयरला चिप डिझाइन करायचं तर लायसन्सचा खर्च आता आडवा येत नाही, २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटरची पीडीके (त्या फॅक्टरीचे डिझाइन नियम आणि मॉडेलच्या फाइल) खुली केली आणि मॅजिक (लेआउट काढायला), नेटजेन (लेआउट आणि स्कीमॅटिकची तुलना करायला), एक्सस्कीम (स्कीमॅटिक काढायला) तर फुकटच आहेत. पण डीआरसीचे (लेआउट फॅक्टरीच्या नियमांत बसतो का याची तपासणी) एरर शून्य आले म्हणून खूश होऊन एलव्हीएस (लेआउट आणि स्कीमॅटिक जुळतात का याची तपासणी) लावावं तर समोर एररची रांग, आणि पोरं काय करतात, वरून खाली एकेक एरर सोडवत बसतात. नका करू असं. एक शॉर्ट (नको तिथे झालेली जोडणी) असला तरी त्याच्या आजूबाजूचं सगळंच विस्कटलेलं दिसतं.

आधी नुसते आकडे बघा. दोन्हीकडे ट्रान्झिस्टर सारखे आहेत पण लेआउटमध्ये नेट (एकमेकांना जोडलेल्या तारांचा गट) कमी, म्हणजे दोन नेट कुठेतरी चिकटलेत. नेट जास्त असतील तर कुठेतरी तुटलंय. मग अंबड-सातपूरला पॅनेल वायरिंगवाला मीटर लावून कंटिन्युइटी बघतो ना, तेच मॅजिकमध्ये करायचं: माऊस तारेवर न्या आणि एस तीनदा दाबा, जोडलेलं सगळं नेट सिलेक्ट होतं. व्हीडीडीवर (सप्लायच्या तारेवर) दाबलं आणि ग्राउंडची रेलही उजळली तर चोर सापडलाच.

तुटलेलं असेल तर बहुतेक वेळा लोकल इंटरकनेक्ट (मेटल १ च्या खालचा जोडणीचा थर) आणि मेटल १ च्या मधला कॉन्टॅक्ट राहिलेला असतो. वरून बघितलं तर एकावर एक छान बसलेलं दिसतं, म्हणून डोळ्याला कळतच नाही.

बल्कचं (ट्रान्झिस्टरच्या चौथ्या, बॉडीच्या टोकाचं) तर विचारूच नका. लेआउटमधून एक्स्ट्रॅक्ट केलेली स्पाइस फाइल (सर्किटच्या जोडण्यांची यादी, म्हणजे नेटलिस्ट) उघडा, पीमॉसच्या चौथ्या पिनला व्हीडीडीऐवजी डब्ल्यू अंडरस्कोरने सुरू होणारं विचित्र नाव दिसलं तर तुमच्या एनवेलला (पीमॉस ज्यात बसतो तो भाग) टॅप (त्याला सप्लायशी जोडणारा कॉन्टॅक्ट) नाहीये किंवा आहे पण व्हीडीडीला जोडलेला नाही. एनमॉसला व्हीसब्स दिसलं तर सबस्ट्रेटची तीच गत. (टॅप लावायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, त्याला इलाज नाही.)

"टॉप लेव्हल सेल फेल्ड पिन मॅचिंग" आलं तर सर्किटला हात लावू नका, नुसतं लेबल टाकून पिन होत नाही, त्याला पोर्ट करावं लागतं. आणि नेटजेनला टॉप सेल सापडतच नसेल तर एक्सस्कीमची नेटलिस्ट बघा, सबसर्किटच्या ओळीपुढे दोन स्टार असतील म्हणजे ती कॉमेंट झालीये, एलव्हीएसचा पर्याय टिक करून नेटलिस्ट परत काढा.

ट्रान्झिस्टरची विड्थ जुळत नसेल तर पीडीकेची सेटअप फाइल दिलीये का बघा. पॅरलल फिंगरच्या (एकाच ट्रान्झिस्टरच्या समांतर तुकड्यांच्या) विड्थची बेरीज करायची, सोर्स-ड्रेन उलटे चालतात, हे सगळं नेटजेनला तिथूनच कळतं, त्यामुळे ती न देता लेआउट खोडत बसण्यात काही अर्थ नाही.

आणि इतकं सगळं करूनही रिपोर्ट जसाच्या तसा येत असेल तर जुन्या ईएक्सटी आणि स्पाइस फाइल डिलीट करून एक्स्ट्रॅक्शन नव्याने चालवा.