आजींचं पिंप आणि माझी बातमी

पत्रकारितेचा कोर्स करून दैनिकात लागलो तेव्हा मामा म्हणाला, "पेपर वाचतंय कोण आता? बँकेच्या परीक्षा दे." त्याचंही खोटं नव्हतं. मार्च २०२० मध्ये मुंबईत छापील अंक काही दिवस बंदच होते, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्या, आणि कितीतरी घरांत पेपर परत सुरू झालाच नाही. मामाचं घर त्यातलंच.

माझी बीट, म्हणजे बातम्यांसाठी ठरवून दिलेलं क्षेत्र, महापालिका. सभा सुरू असतानाच वेबसाइटला चार ओळी सोडायच्या, बाहेर येऊन व्हिडिओ करायचा आणि रात्री नऊच्या आत पेपरसाठी बातमी नव्याने लिहायची. पगार मात्र एकच.

दुसऱ्याच महिन्यात घाईघाईत 'गुरुवारी पाणी नाही' असं लिहून बसलो. पत्रकात शुक्रवार होता. मध्यरात्री लक्षात आलं. वेबवर लगेच बदललं. शहर आवृत्ती तोवर मशीनवर चढली होती. खुलासा छापला, पण पान पाचवर. शुक्रवारी सकाळी एका आजींचा फोन : "अरे, मुलानं मोबाइलवर शुक्रवार दाखवला होता. मीच म्हटलं, पेपरात गुरुवार आहे. गुरुवार संपला म्हणून भरलेलं पिंप काल रात्री रिकामं केलं रे!" काय बोलणार? शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

छापील अंक किती वर्षं टिकेल, मला सांगता येणार नाही. पहिलं मराठी वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ मध्ये निघालं आणि १८४० मध्ये बंदही पडलं. पण आजींनी मुलाच्या मोबाइलपेक्षा पेपरावर विश्वास ठेवला, त्यावरच आपली नोकरी चालू आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

म्हणून नव्यांनी व्हिडिओ एडिटिंगचं फार टेन्शन घेऊ नये, ते आठवड्यात जमतं. प्रेस नोटची बातमी तर एआयही करून देतं. वेळ लागतो तो सभेची विषयपत्रिका वाचायला शिकण्यात. 'ऐनवेळचे विषय' (आधी न कळवता सभेतच आणलेले) आणि 'कार्योत्तर मंजुरी' (काम आधी, मंजुरी मागून) हे शब्द दिसले की खुर्ची सोडायची नाही; पत्रकारांची चहाची वेळ नेमकी तेव्हाच होते! कागद मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आहे : साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, मी विसरलो होतो.

आणि मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा, बातमीदाराला जाहिराती आणायचं टार्गेट आहे का. "तसं काही नाही, फक्त दिवाळी पुरवणीपुरतं," असं उत्तर आलं, तर आहे.