वितरण लाइनीतली वीजहानी काढताना या चुका टाळा

सरासरी करंटचा वर्ग करणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. दिवसाच्या युनिटांवरून सरासरी करंट काढायचा, त्याचा वर्ग करून रोधाने गुणायचं, 24 तास लावायचे आणि मोकळं व्हायचं. हानी करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून आधी वर्ग आणि मग सरासरी. क्रम उलटला की उत्तर कमीच येतं. दिवसभर एकसारखा लोड असेल तर तेवढाच अपवाद.

एका फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण लाइनीचा, हिशेब माझ्याकडे तपासायला आला होता. सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. लाइनीच्या टोकाला पंप, रोज 8 तास 150 अँपिअर, उरलेले 16 तास लाइन रिकामी, एका फेजचा रोध 1 ओहम. हिशेब करणाऱ्याने सरासरी 50 अँपिअर धरले. 3 × 50² × 1 म्हणजे 7.5 किलोवॅट, दिवसाला 180 युनिट. फीडरच्या आणि ग्राहकांच्या मीटरांमधली तफावत मात्र साडेपाचशेच्या आसपास. उरलेली सगळी युनिटं चोरीच्या खात्यात गेली. पथक अख्खी लाइन चालून आलं, तारांवर एकही आकडा टाकलेला सापडला नाही, तरी पंपवाल्यांवरचा संशय काही जाईना. खरा हिशेब दोन ओळींचा होता: 3 × 150² × 1 = 67.5 किलोवॅट, गुणिले 8 तास, 540 युनिट. वीज तार तापवण्यात जात होती.

यावर काही जण लॉस फॅक्टरचं (सरासरी हानी भागिले कमाल लोडची हानी) सूत्र पुढे करतात: 0.15 × लोड फॅक्टर (सरासरी लोड भागिले कमाल लोड) + 0.85 × लोड फॅक्टरचा वर्ग. मिश्र लोडच्या फीडरवर ते बऱ्यापैकी चालतं. या फीडरवर ते 0.144 देतं आणि खरा लॉस फॅक्टर आहे 0.333, कारण पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा लोडला लॉस फॅक्टर लोड फॅक्टरइतकाच असतो. सूत्र कुठल्या लोडसाठी आहे हे न बघता ते वापरणं मला मुळीच पटत नाही. मी तासागणिक करंट लिहितो, शेजारी वर्गाचा रकाना करतो आणि त्याची बेरीज घेतो. 24 ओळींचं काम आहे. तेवढा धीर ज्याच्याकडे नाही, त्याने हानीचा आकडा कुणाच्या हातात देऊ नये. त्यावरून माणसं चोर ठरतात.

सगळा लोड टोकाला धरणं

लाइनीवर लोड सारखा पसरलेला असेल, तर हानी तोच लोड टोकाला धरल्यावर येणाऱ्या हानीच्या एक तृतीयांश असते. व्होल्टेज ड्रॉपला मात्र निम्मं धरतात; नवशिके हे दोन्ही गुणक हमखास एकमेकांच्या जागी घालतात. वरच्याच लाइनीवर पंप सारखे पसरलेले असते, तर खरी हानी 180 युनिट झाली असती, म्हणजे त्या चुकीच्या हिशेबाइतकीच! दोन चुका एकमेकींना झाकतात, उत्तर जुळतं आणि तीच शीट पुढच्या फीडरला वापरली जाते. म्हणून जुळलेल्या उत्तराच्याही पायऱ्या मी तपासतो.

असमतोल विसरणं

तीन फेजवर 100-100-100 ऐवजी 150-100-50 अँपिअर असतील, पॉवर फॅक्टर सारखा असेल आणि न्यूट्रलची तार फेजइतकीच जाड असेल, तर न्यूट्रलमधून सुमारे 87 अँपिअर वाहतात आणि हानी जवळपास 42 टक्क्यांनी वाढते. एकाच फेजला टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावून तिनाने गुणू नका.

बाकीच्या

रोध तक्त्यातला 20 अंशांचा घेतात. ॲल्युमिनियमची तार 75 अंशांवर गेली की तो सुमारे 22 टक्क्यांनी जास्त असतो.

सिंगल फेजला परतीची तार विसरतात.

ट्रान्सफॉर्मरच्या लोह हानीला (त्याच्या लोखंडी गाभ्यातल्या हानीला) लोडचे तास लावतात. ट्रान्सफॉर्मर चार्ज आहे तोवर ती चालूच असते.

हानी उणे आली, म्हणजे ग्राहकांची युनिटं फीडरपेक्षा जास्त दिसली, की नवशिके सूत्रात चूक शोधत बसतात. आधी फीडरच्या आणि ग्राहकांच्या रीडिंगच्या तारखा जुळतात का पाहा, मग सीटीचा (मीटरसाठी करंट कमी करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा) गुणक. माझ्याकडे आलेल्या बहुतेक उणे हानींचं कारण या दोनांतच सापडलं आहे.