दूषित हवा, वाढलेलं वजन आणि व्यायाम : या चुका टाळा

वजन उतरवायचं म्हणून नेटाने चालायला लागलेली माणसं तीन-चार आठवड्यांत हिरमुसतात. दम पहिल्याइतकाच लागतो, घसा खवखवतो, वजनकाटा जागचा हलत नाही. मग कुणी स्वतःला आळशी ठरवून सोडून देतं, तर कुणी ईर्ष्येने वेग वाढवतं. पण आपण किती हवा आत घेतोय आणि त्या हवेत काय आहे, याचा हिशेब दोघांनीही केलेला नसतो.

शांत बसलेले असताना आपण मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरदार व्यायामात हाच आकडा ६० ते १०० लिटरवर जातो. नाकाने श्वास पुरेनासा झाला की तोंड उघडतं आणि नाकातली नैसर्गिक गाळणी बाजूला पडते. शरीरात किती प्रदूषण गेलं हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं : हवेतलं त्याचं प्रमाण, मिनिटाला घेतलेली हवा आणि वेळ. वजन जास्त असेल तर मधला आकडा वाढतो, कारण तेच अंतर त्याच वेगाने चालायला शरीराला जास्त ऑक्सिजन लागतो. त्यात पोटावरची आणि छातीवरची चरबी फुफ्फुसांवर दाब आणते. श्वास सोडल्यावर आत उरणारी हवा कमी होते, लहान श्वासनलिका मिटू लागतात आणि श्वास उथळ, भरभर चालतो. म्हणजे लागणारा दम हा आळसाचा पुरावा नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आत आणखी एक गोष्ट घडत असते. वाढलेली चरबी दाह (म्हणजे शरीराच्या आत येणारी सूज) वाढवणारी रसायनं सतत रक्तात सोडत असते. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांच्या टोकाशी असलेल्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि तिथे पुन्हा दाहच भडकवतात. व्यायामाने रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड वाढतं, त्या सैल होतात आणि रक्तदाब उतरायला मदत होते. दाह वाढला की हे नायट्रिक ऑक्साइड लवकर निकामी होतं. कष्ट तेवढेच, पदरात पडणारा फायदा मात्र कमी.

हे प्रत्यक्ष मोजलंही गेलंय. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल वाहनांच्या वर्दळीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उद्यानातल्या चालण्याने फुफ्फुसांची क्षमता सुधारली आणि धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावरच्या चालण्यात हा फायदा बराचसा विरून गेला. म्हणून सोय म्हणून मुख्य रस्त्याच्या कडेने चालणं ही मी पहिल्या क्रमांकाची चूक मानतो. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी झपाट्याने कमी होतात. एक गल्ली आत वळा. त्याला पैसा लागत नाही.

‘पहाटेची हवा शुद्धच असते’ हाही असाच एक पक्का समज. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूर, धूळ खालीच साचून राहते. अशा दिवसांत ऊन वर आल्यावर चालणं बरं. उन्हाळ्यात उलट होतं : कडक उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दुपारी सर्वाधिक असतो आणि श्वासनलिकांची आग करतो. तेव्हा सकाळ चांगली. अॅपवर दिसणारा हवेचा निर्देशांक अनेकदा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, म्हणून शक्य असेल तिथे तासागणिक आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे.

कापडी मास्क हे बारीक कण फारसे अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ अडवतो, पण ओझोनसारखे वायू त्यातूनही जातात. शिवाय जोराच्या व्यायामात त्यातून श्वास घेणं जड जातं, वजन जास्त असेल तर अधिकच. मास्क लावून धावण्यापेक्षा त्या दिवशी घरात, खिडक्या लावून, संथ व्यायाम करा. मात्र खोलीत धूर किंवा उदबत्ती नको.

आता दम नेमका कशाने लागतोय, हे कसं ओळखायचं? तेच अंतर, तोच वेग ठेवून एकदा वाईट हवेच्या दिवशी आणि एकदा स्वच्छ हवेच्या दिवशी चाला. फरक ठळक जाणवला तर वेळ आणि वाट बदला. दोन्ही दिवशी सारखाच त्रास झाला तर वेग जास्त आहे. चालता चालता सलग वाक्य बोलता यावं, इतका तो उतरवा. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला वाढत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर व्यायामाने उफाळणारा दमा असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, उपचाराने तो आटोक्यात राहतो.

हे सगळं वाचून व्यायामच बंद केलात तर ती सर्वांत मोठी चूक ठरेल. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार, पीएम २.५ घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्यापेक्षा जास्त भरतो. चालण्याला तर याहून कितीतरी जास्त सूट मिळते. हा हिशेब सर्वसाधारण लोकसंख्येचा आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

आणि वजनकाटा? तो रोज बघू नका. काटा हलला नाही तरी पोटातली चरबी घटू शकते, इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतं. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजा आणि एक ठरलेला जिना चढून झाल्यावर दम किती मिनिटांत बसतो, ते लिहून ठेवा. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठा.