जुन्या जर्मन गाडीची किंमत टिकवायची कशी?

सांगलीत दहा-बारा वर्षांची फोक्सवॅगनची पोलो, व्हेंटो किंवा मर्सिडीजची एखादी सी-क्लास विकायला काढली, की इंजिनाच्याही आधी एकच प्रश्न येतो : गाडी २०१९ च्या किंवा २०२१ च्या महापुरात सापडली होती का? नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, ते दाखवून द्यावे लागते. त्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवावा. पाणी चढलेल्या गाडीत आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची करडी रेघ राहून जाते आणि वरवरची धुलाई तिथवर पोचत नाही. स्टेपनीखालचा खोलगट भाग आणि सीटच्या रुळांचे बोल्टही उघडे करून दाखवावेत. अनेक जर्मन गाड्यांत वायरिंगचे जोड गालिच्याखालून गेलेले असतात, त्यामुळे एकदा ओलावा शिरला की बिघाड वर्षानुवर्षे डोके वर काढत राहतात. गिऱ्हाइकाची ही भीती मला तरी रास्तच वाटते.

किंमत खरी टिकते ती बिलांच्या फाइलीवर. माझ्या २०१२ च्या डिझेल पोलोत एका गॅरेजमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी दिसले म्हणून नळाचे पाणी ओतले गेले, आणि पुण्याहून परतताना ऐन खंबाटकीच्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागला. टाकीचे झाकण उघडले तेव्हा गुलाबी कूलंटच्या जागी तांबूस गढूळ पाणी होते. तेव्हापासून कंपनीने सांगितलेलेच कूलंट आणि तिने ठरवलेल्या ग्रेडचेच ऑइल मी स्वतः आणून देतो व त्याची पावती जपून ठेवतो.

या डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीत जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. म्हणून मुदत भरण्याआधीच तो टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) व वॉटर पंपासह बदलावा आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्यावेत. पंप त्याच बेल्टवर चालतो, तेव्हा तो वेगळा बदलणे म्हणजे मजुरी दोनदा मोजणे होय. डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर विक्रीपूर्वी स्कॅन रिपोर्ट, म्हणजे यंत्र जोडून केलेल्या बिघाड-तपासणीचा अहवाल, काढून ठेवावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. ही कटकट नव्या मालकाच्या गळ्यात पडणार असेल तर तो भाव पाडणारच, म्हणून विकायचेच ठरले असेल तर बाराव्या-तेराव्या वर्षी विकावी. कर्ज फिटले असल्यास आरसी बुकावरचा बोजा फॉर्म ३५ देऊन आधीच उतरवून घ्यावा.

व्यवहार झाला की चौदा दिवसांच्या आत फॉर्म २९ (मालकी बदलल्याची सूचना) आरटीओत द्यावा. आरसी आपल्या नावावर असेपर्यंत अपघाताची जबाबदारीही आपल्यावर येऊ शकते. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे, म्हणजे पुढच्या गाडीच्या विम्यात तो वळता करता येतो.