बारा जुलैच्या आधी

यंदा गटात नवी मंडळी आहेत म्हणून लिहून ठेवतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे सगळं फलकावर आहे. त्याला पुन्हा रंगरंगोटी नको. दरवर्षी त्या तारखेला लोक आपल्या पूर-प्रदर्शनाच्या दोन खोल्या बघायला कमी आणि स्वतःचं सांगायला जास्त येतात, तेव्हा तयारी त्याची करायची.

आधी नोंदवही. कुणी पिशवीतून काही काढलं की हातात घेण्यापूर्वीच विचारा, कायमचं देताय की फक्त दाखवायला आणलंय? दोन्हींच्या वेगळ्या पावत्या हव्यात, सहीसकट. एकदा ‘राहू दे इथेच’ म्हणत एका आजींनी समई ठेवली आणि महिन्याभराने त्यांचे दीर ती मागायला आले. आपल्याकडे कागद नव्हता, मान खाली घालून परत दिली. फोटो शक्यतो तिथेच स्कॅन करून परत करा. लोकांच्या भिंती ओक्याबोक्या करून आपली भरायची नाही. ठेवून घेतलाच तर क्रमांक मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. लॅमिनेशन तर नकोच.

ओल आलेल्या भिंतीवरच्या फ्रेमा आठवडाभर आधी उतरवा, कपाटातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदला, कसर लागलीय का बघा. छत्र्यांची बादली दाराबाहेर. पुराच्या प्रदर्शनात पुन्हा पाणी नको.

तेव्हा शाळेत जाणारी मुलं आता सत्तरीच्या पुढे आहेत; खुर्च्या हातांच्या आणा, पंख्याखाली मांडा. फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी, मग नाव, तेव्हाचं वय आणि वाडा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की सगळे एकच उत्तर देतात. पाणी कितव्या पायरीला लागलं, रात्री कुणाच्या घरी झोपलात, निसेन हटमध्ये (पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत) किती दिवस काढले, असं विचारा. बोलता बोलता कुणी गप्प झालं तर फोन बंद करा, पाणी द्या, घाई करू नका.

दाराजवळच्या भिंतीवर कोरा कागद लावा. सांगताना प्रत्येकाचा हात ‘इथपर्यंत!’ म्हणत वर जातोच; तिथे पेन्सिलीने रेघ ओढून घ्या, शेजारी गल्लीचं नाव. मागच्या खेपेला कागद सहा फुटी होता, कमी पडला. यंदा छतापर्यंत लावा आणि खाली एक स्टूल ठेवा.