ऑनलाइन ट्रेडिंग कार्ड गेम खेळताना या चुका टाळा

मुलगा मोबाइलवर पत्ते खेळतो असे कळले, की नागपुरातल्या बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांना आधी पैसे लावून खेळायची रमीच आठवते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आल्यापासून ही शंका अधिकच बळावली आहे. ट्रेडिंग कार्ड गेम हा प्रकार मुळातच वेगळा आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ मध्ये बाजारात आला आणि तेव्हापासून या खेळांचा साचा तोच राहिला आहे: खेळाडू आपल्या संग्रहातले पत्ते निवडून स्वतःचा डेक बांधतो आणि त्या डेकने समोरच्याशी डाव खेळतो. ‘हार्थस्टोन’, ‘मॅजिक अरीना’, ‘यु-गि-ओ! मास्टर ड्युएल’, ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ (टीसीजी म्हणजे ट्रेडिंग कार्ड गेम) ही सगळी त्याच कुळातली नावे आहेत.

खेळ म्हणून या ऑनलाइन आवृत्त्या अतिशय सकस आहेत. मालमत्ता म्हणून मात्र त्यांना जवळजवळ काहीच किंमत नाही. नवे खेळाडू ज्या चुका करतात, त्यांतल्या बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे.

विकत घेतलेला पत्ता आपल्या मालकीचा समजणे

छापील पत्ता तुमच्या कपाटात राहतो. तो मित्राला देता येतो, बदलून घेता येतो, विकताही येतो. ‘ट्रेडिंग’ हे नाव मिरवणाऱ्या ऑनलाइन खेळांपैकी अनेकांत मात्र देवाणघेवाणीची सोयच नाही. ‘हार्थस्टोन’, ‘अरीना’ आणि ‘मास्टर ड्युएल’ या तिन्हींत तुम्ही तुमचा पत्ता दुसऱ्या खेळाडूला देऊ शकत नाही. ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये जानेवारी २०२५ पासून देवाणघेवाण सुरू झाली, पण तीही बऱ्याच अटींसह. २००२ पासून चालत आलेला ‘मॅजिक ऑनलाइन’ हा जुना खेळ याला ठळक अपवाद आहे. तुम्ही पैसे देता ते पत्ता वापरण्याच्या परवानगीसाठी, आणि ही परवानगी कंपनीचा सर्व्हर चालू असेपर्यंतच टिकते.

हे केवळ कागदावरचे कलम नाही. ‘व्हॉल्व्ह’ या गेम कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये खुद्द गारफिल्ड यांच्या सहभागाने ‘आर्टिफॅक्ट’ आणला. त्यात पत्ते खुल्या बाजारात विकता येत होते, म्हणजे मालकीच्या सर्वांत जवळ जाणारी ती रचना होती. खेळाडू मात्र काही महिन्यांतच पांगले आणि मार्च २०२१ मध्ये त्याचे कामच थांबवण्यात आले. ‘पोकेमॉन टीसीजी ऑनलाइन’ जून २०२३ मध्ये बंद होऊन त्याची जागा ‘लाइव्ह’ने घेतली. जानेवारी २०२३ मध्ये कंपन्यांमधला करार संपल्यामुळे चीनमधील ‘हार्थस्टोन’ खेळाडूंना वर्षाहून अधिक काळ आपला संग्रह उघडता आला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेतल्या टिकटॉकबंदीच्या गोंधळात ‘मार्व्हल स्नॅप’ही तिथे काही काळ बंद पडला, कारण त्याचा प्रकाशक टिकटॉकच्याच मालक कंपनीशी संबंधित होता. खेळ आवडता असो वा यशस्वी, तो कधी आणि कशामुळे थांबेल हे खेळाडूच्या हातात नसते.

म्हणून या खेळांवर होणारा खर्च सिनेमाच्या तिकिटासारखा धरावा: आनंद मिळाला, पैसे फिटले. ‘पुढे खाते विकून वसूल करू’ हा हिशेब मनात असेल, तर तो आताच काढून टाकावा. खात्यांची विक्री या कंपन्यांच्या अटींमध्ये बसत नाही. विकलेले खाते बंद होऊ शकते आणि फसवणूक झाली तर दाद मागायला फारशी जागा उरत नाही.

आधी पत्ता बनवणे आणि मग पॅक उघडणे

पहिल्या आठवड्यात होणारी ही सर्वांत महाग चूक आहे आणि ती आकड्यांतूनच नीट दिसते. पॅक म्हणजे पत्त्यांचे बंद पाकीट, आणि पत्ता बनवणे म्हणजे नको असलेले पत्ते मोडून मिळालेल्या खेळातल्या चलनाने हवा तो पत्ता घेणे. ‘हार्थस्टोन’मध्ये या चलनाला डस्ट म्हणतात. तिथे एक लेजेंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाचा, पत्ता बनवायला १६०० डस्ट लागते, पण तोच पत्ता मोडला तर ४०० च मिळते. म्हणजे चार लेजेंडरी मोडाव्यात तेव्हा एक हाती येते. साध्या कॉमन पत्त्याची डस्ट अवघी ५ असल्यामुळे तेवढ्यासाठी ३२० कॉमन पत्ते मोडावे लागतील. ‘मास्टर ड्युएल’मध्येही एक अल्ट्रा रेअर (तिथला सर्वांत दुर्मीळ) पत्ता बनवायला तीन मोडावे लागतात. ‘अरीना’मध्ये मोडण्याची सोयच नाही, तिथे वाइल्डकार्ड, म्हणजे त्याच दर्जाच्या हव्या त्या पत्त्यात बदलता येणारे कार्ड, लागते, आणि एकदा वापरलेले वाइल्डकार्ड परत येत नाही.

यावरून क्रम सरळ ठरतो. खेळाने फुकट दिलेले सगळे पॅक आधी उघडावेत, मग काय उणे आहे ते पाहावे आणि सर्वांत शेवटी पत्ता बनवावा. ‘हार्थस्टोन’ आणि ‘अरीना’ या दोन्हींत पॅकमधून एकाच पत्त्याच्या गरजेपेक्षा जास्त प्रती येऊ नयेत यासाठी बऱ्याच अंशी संरक्षण आहे, पण पत्ता आधीच बनवला असेल, तर पॅकमधून तो फुकट मिळण्याची संधी आपणच घालवलेली असते. ‘हार्थस्टोन’मध्ये एखाद्या पत्त्याची ताकद कमी केली गेली, तर काही दिवस तो मोडल्यावर पूर्ण डस्ट परत मिळते. म्हणून नकोसा लेजेंडरी पत्ता घाईने मोडू नये.

पॅकची दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पैसे देऊन आत काय आहे हे न कळता पाकीट उघडणे ही जुगाराच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्या तिथल्या कायद्यात बसत नाहीत असे ठरवले. चीनने २०१७ पासून शक्यतेचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसाच नियम केला. हे आकडे खेळाच्या दुकानातच कुठेतरी दिलेले असतात. पैसे देण्यापूर्वी ते वाचावेत. एक विशिष्ट पत्ता हवा असेल, तर पॅकमागून पॅक घेणे हा त्याच्याकडे जाणारा सर्वांत लांबचा रस्ता आहे.

पत्त्यांच्या कालबाह्यतेचाही विचार येथेच करावा. ‘स्टँडर्ड’ प्रकारात ठरावीक काळाने जुने संच बाद होतात. बाद होण्याच्या बेतात असलेल्या संचावर वाइल्डकार्ड किंवा डस्ट घालवू नये.

आवडता प्रत्येक पत्ता डेकमध्ये कोंबणे

‘मॅजिक’मध्ये डेक किमान ६० पत्त्यांचा असतो, त्याहून मोठाही चालतो. नवा खेळाडू नेमका याच मुभेचा फायदा घ्यायला जातो. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती ६० पत्त्यांच्या डेकमध्ये असतील, तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. डेक ७० पत्त्यांचा केला की हीच शक्यता ३५ टक्क्यांवर येते. ‘मास्टर ड्युएल’मध्ये ४० पत्ते, तीन प्रती आणि सुरुवातीच्या पाच पत्त्यांचा हात धरला, तर शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. ज्या पत्त्यावर सगळी योजना उभी आहे, तो तीन डावांत एकदाच सुरुवातीला हाती येतो, हे एकदा उमगले की जास्तीचे दहा पत्ते आपोआप बाहेर निघतात.

दुसऱ्याचा विजयी डेक जसाच्या तसा उतरवण्यात गैर काहीच नाही, शिकण्याचा तो चांगला मार्ग आहे. मात्र कोणता हात ठेवायचा आणि कोणता परत पिसायचा हे ठाऊक नसताना त्या डेकने थेट रँकच्या सामन्यात उतरू नये. आधी साधे सामने खेळावेत आणि हरलेल्या डावात आपला कोणता पत्ता हातातच अडकून राहिला हे प्रत्येक वेळी पाहावे. हरल्यावर लगेच ‘पुढचा सामना’ दाबण्यापेक्षा हा एक मिनिट अधिक शिकवून जातो.

‘मला संधीच दिली नाही’

‘समोरच्याने पत्ता टाकला, उत्तर माझ्या हातात होते, पण खेळ पुढे निघून गेला’ ही नव्या खेळाडूंची सर्रास ऐकू येणारी तक्रार आहे. यात बहुधा बिघाड नसतो. खेळ वेगाने चालावा म्हणून ‘अरीना’ ज्या टप्प्यांवर तुम्ही काही कराल असे तिला वाटत नाही, तिथे तुमची पाळी आपोआप सोडून देते. संगणकावर खेळताना त्या टप्प्याच्या खुणेवर टिचकी मारून थांबा लावता येतो, आणि कंट्रोलची कळ दाबली की पूर्ण नियंत्रण तुमच्याकडे येते. ‘मास्टर ड्युएल’मध्ये यासाठी ऑटो, ऑन आणि ऑफ असे तीन पर्याय असतात. महत्त्वाच्या सामन्यात तो ऑनवर ठेवावा, नाहीतर डाव उलटवणारा पत्ता हातातच राहतो.

खेळाने सगळे नियम स्वतः सांभाळणे ही ऑनलाइन आवृत्तीची सर्वांत मोठी ताकद आहे. चुकीची चाल होतच नाही, वाद होत नाही, बनावट पत्ते नसतात. छापील पत्ते मांडून बसणारे नागपुरात मुंबई-पुण्याइतके सापडत नाहीत. अशा वेळी मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मानेवाड्यातल्या एखाद्या मुलीला घराबाहेर न पडता मिनिटभरात तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो, याचे मोल फार आहे. मात्र याच सोयीपायी एक उणीवही राहून जाते. केवळ ऑनलाइन शिकलेला मुलगा रविवारी धरमपेठेत मित्राच्या घरी छापील डेक घेऊन बसतो, त्याचा प्राणी पटावर येतो, त्यावर ‘एक पत्ता उचला’ असे लिहिलेले असते, आणि तो तसाच पुढची चाल करतो, कारण आजवर तो पत्ता खेळानेच उचलून दिलेला असतो. ‘अरीना’च्या एका डावाच्या सामन्यात तर सुरुवातीचा हातही थोडा सांभाळून दिला जातो: एकाहून अधिक हात काढून त्यातला डेकमधल्या लँडच्या (इतर पत्ते खेळायला लागणारी शक्ती देणाऱ्या पत्त्यांच्या) प्रमाणाशी जुळणारा हात निवडण्याकडे खेळाचा कल असतो. टेबलावर अशी मदत नसते. म्हणून कमी लँड ठेवायची सवय ऑनलाइन लागली असेल, तर छापील डेक बांधताना ती सोडावी लागते. तीन डावांचे सामने अधूनमधून खेळत राहिल्यास हा फरक लवकर अंगवळणी पडतो.

जोडणी आणि खाते

वादळी पावसात वीज गेली की वायफाय जाते आणि सामन्याचे घड्याळ मात्र चालूच राहते. ‘हार्थस्टोन’मध्ये एका पाळीला साधारण ७५ सेकंद मिळतात. अशा वेळी राउटर परत सुरू होण्याची वाट न पाहता लगेच मोबाइल डेटावर यावे आणि खेळ पुन्हा उघडावा. बहुतेक खेळ चालू सामन्यात परत घेतात. आभाळ भरून आले असेल, तर प्रवेश शुल्क भरून खेळायचे सामने त्या दिवशी टाळावेत.

पाहुणा म्हणून सुरू केलेले खाते पहिल्याच दिवशी ईमेलशी किंवा संबंधित कंपनीच्या खात्याशी जोडावे, कारण फोन बदलला किंवा बिघडला की न जोडलेला संग्रह परत मिळवणे फार अवघड होते. ‘हार्थस्टोन’मध्ये अमेरिका, युरोप आणि आशिया या प्रदेशांचे संग्रह वेगवेगळे असतात, म्हणून पहिला पॅक उघडण्याआधी आपले मित्र कुठे खेळतात ते विचारून घ्यावे.

रोजची कामे आणि घरातला फोन

रोजची कामे पूर्ण केली की खेळातली नाणी किंवा तत्सम बक्षिसे मिळतात आणि फुकट खेळणाऱ्याचा संग्रह मुख्यतः त्यांवरच वाढतो. ही सोय चांगली आहे, पण परीक्षेच्या दिवसांतही ‘आजचे राहून जाईल’ या धाकाने फोन हातात घेतला जात असेल, तर ती कामे बिनदिक्कत सोडावीत. काही खेळांत कामे दोन-तीन दिवस साठून राहतात, तेव्हा एक दिवस चुकला म्हणून सहसा काहीच बुडत नाही.

मुले आई-वडिलांच्या फोनवर खेळत असतील, तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय सुरू ठेवावी आणि यूपीआय ॲपमध्ये नकळत दिलेली ऑटोपेची मंजुरी आहे का ते पाहून ती रद्द करावी. चुकून खरेदी झालीच, तर मिळालेले पॅक उघडू नयेत. ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरून परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे जावे लागते. पैसे कापले गेले पण जेम (खेळातले विकत घ्यायचे चलन) आले नाहीत, असे झाले तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, आणि तरीही जमा झाले नाहीत तर ईमेलवर आलेल्या पावतीतला ऑर्डर क्रमांक आणि खात्याचा खेळाडू क्रमांक एकाच तक्रारीत लिहून पाठवावा.