ध्यानात 'विचार थांबत नाहीत'? या चुका टाळा

ध्यानाला बसणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच असते, 'विचार थांबत नाहीत.' विचार थांबवायला बसणं हीच पहिली चूक. एखादा विचार दाबायचा म्हटलं की तो आला का हे सारखं तपासावं लागतं, आणि त्या तपासण्यानेच तो पुन्हा डोकं वर काढतो. लक्ष श्वासावर ठेवा. ते भरकटलं हे कळलं की न चिडता परत या. दहा मिनिटांत तीस वेळा परत यावं लागलं तरी बैठक वाया गेली असं समजू नका. तालमीत जोर मारताना अंग खाली जातं आणि वर येतं, त्यातच व्यायाम असतो, तसंच हे.

दुसरी चूक श्वासाची, आणि ती फार जण करतात. मुद्दाम जोरात, खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. कुणी त्याला 'ऊर्जा जागी झाली' म्हणतात. ते खरं नाही. श्वास येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्या, नाकपुडीच्या कडेला आणि वरच्या ओठावर त्याचा स्पर्श फक्त जाणा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याला धम्मालय विपश्यना केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस याच आनापानाला, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता जाणण्याला, दिलेले असतात, यावरून त्याचं मोल कळावं. मन फारच उधळलेलं असेल तर आधी दोन-तीन मिनिटं चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या नसेचा) प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. मग मोजणं सोडून द्या.

पाय बधिर होतो तो नसेवर दाब पडल्यामुळे. बुडाखाली तीन-चार इंच जाडीची घट्ट उशी घ्या. गुडघे कमरेपेक्षा खाली यायला हवेत. पद्मासनाचा हट्ट नको. खुबा वळत नसेल तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. खुर्चीवर बसलात तरी ध्यान तेवढंच होतं.

तांबडा-पांढरा रस्सा ओरपून लगेच बसलात तर डुलकी ठरलेली! जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. तरीही पेंग आली तर डोळे अर्धे उघडून चार फुटांवर जमिनीकडे पाहा.

शांत जागेसाठी रंकाळा तलाव गाठायची गरज नाही. पहाटेही तिथे फिरणाऱ्यांची वर्दळ असते. घरातला ठरलेला कोपरा पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

बसल्यावर छातीत धडधड वाढली, जुना आघात अंगावर येऊ लागला, तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, तळपाय जमिनीला टेकवा, उठून चाला. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चालू असलेल्या गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका, आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका.